वाट दाखविणारा तरुण

युद्धाचा इतिहास वाचताना आपले लक्ष बहुधा सेनापतींकडे व वैमानिकांकडे जाते. त्यांच्याच विमानात, पडद्याआड बसून नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढणाऱ्या तरुणाचे नाव सहसा कोणी घेत नाही. दुसऱ्या महायुद्धातील अशा एका कॅनडियन तरुणाची हकीकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टोर्गर हार्लो टेरम याचा जन्म २२ मे १९२० रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील मायलो या खेड्यात झाला. वडील नॉर्वेहून येऊन तेथे शेती करू लागले होते. मुलगा दहा वर्षांचा असताना ते एका तळ्यात बुडून वारले आणि चार लेकरांचा भार आई हिल्डा यांच्यावर पडला. युद्ध पेटल्यावर हा थोरला मुलगा कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाला व नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्गदर्शक, होऊन इंग्लंडला गेला. सोबती त्याला ‘टेरी’ म्हणत.

लँकेस्टर जातीच्या बाँबफेकी विमानात सात जण असत. दिव्याचा उजेड बाहेर पडू नये म्हणून नॅव्हिगेटरच्या टेबलाला पडदा लावलेला असे. नकाशा, पट्टी, पेन्सिल आणि घड्याळ ही त्याची मुख्य साधने. वाऱ्याने विमान किती भरकटले याचे गणित मांडून तो वैमानिकाला दिशा सांगे. गणित चुकले तर सातही जणांच्या जिवावर बेतत असे. ज्या गावांवरून विमान जाई ती गावे मात्र त्याच्यापुरती नकाशावरील ठिपके असत.

१६ मे १९४३ च्या रात्री ६१७ क्रमांकाच्या पथकाची एकोणीस लँकेस्टर विमाने जर्मनीकडे निघाली. रूर खोऱ्यातील कारखान्यांना पाणी व वीज पुरविणारी धरणे फोडणे हा त्यांचा हेतू होता. विमानांत १३३ तरुण होते आणि त्यांत सुमारे तीस कॅनडियन. पथकप्रमुख गाय गिब्सन यांच्या विमानाचा नॅव्हिगेटर टेरी होता. पाण्यावरून टप्पे घेत जाणारा पिंपाच्या आकाराचा बाँब अवघ्या साठ फुटांवरून टाकावयाचा होता. विमानाखाली दोन दिवे बसविले होते. त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना भिडले की उंची बरोबर आहे असे समजावयाचे. म्योने धरणावर शत्रूच्या तोफा धडधडत असताना त्या झोतांवर डोळे लावून विमान किती खाली न्यायचे हे टेरी सांगत होता. गिब्सन यांच्या बाँबने धरण फुटले नाही. मागून आलेल्या विमानांनी ते फोडले. पुढे एडर धरणही फुटले. आठ विमाने परतली नाहीत. त्रेपन्न तरुण मृत्युमुखी पडले व तिघे कैद झाले. टेरी सुखरूप परतला आणि त्याला शौर्यपदक मिळाले.

ही कथा पुस्तकांतून व १९५५ च्या चित्रपटातून जगभर गेली. धरणाखालच्या खोऱ्यात त्या रात्री काय घडले हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. म्योनेच्या पुरात सुमारे १,३०० माणसे बुडाली. त्यांतील निम्म्याहून अधिक परदेशी युद्धकैदी व सक्तीने आणलेले मजूर होते. नेहाइम गावाजवळच्या छावणीत पूर्व युरोपातून पकडून आणलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. ज्यांच्या मुक्ततेसाठी युद्ध चालले होते, त्यांनाच त्या पाण्याने गाठले.

त्याच खोऱ्यात हिमेलप्फोर्टेन नावाचे ठिकाण आहे. नावाचा अर्थ ‘स्वर्गाची दारे’. तेथे एकेकाळी सिस्टर्सियन भगिनींचा मठ होता आणि त्याचे जुने चर्च त्या रात्रीपर्यंत उभे होते. पुराने ते समूळ वाहून नेले. तेथील धर्मगुरू जोसेफ बेर्केनकोप्फ हेही बुडाले. लोकांना सावध करण्यासाठी ते अखेरपर्यंत घंटा वाजवीत राहिले, असे त्या भागात सांगतात. मे हा पवित्र मरियेचा महिना. आदल्या दिवशी, रविवारी, त्याच चर्चमध्ये मिस्सा झाली असेल, हा विचार आमच्यासारख्या धर्मगुरूच्या मनातून सहजासहजी जात नाही.

मग टेरीला दोषी म्हणावे काय? क्रूर सत्तेविरुद्ध लढणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचा न्याय घरात सुरक्षित बसून करण्याचे धाडस आम्हांला होत नाही. पण शौर्य खरे होते म्हणून त्याच्या परिणामांकडे पाठ फिरविणेही योग्य नव्हे. वसाहतींसह सबंध नगरे सरसकट नष्ट करणे हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध आहे, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. पुढे १९७७ साली जिनीव्हा करारांना जोडलेल्या पुरवणी कराराने, नागरिकांची मोठी प्राणहानी होणार असेल तर धरणांवर हल्ला करण्यास सामान्यतः मनाई केली. जगाला हा धडा उशिरा उमगला, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंच्या घरांनी मोजली.

त्यातील एक घर कॅल्गरी शहरात होते. सप्टेंबर १९४३ मध्ये गिब्सन कॅनडाच्या दौऱ्यावर असताना हिल्डाबाईंना भेटले. लेकाचा प्रमुख आपल्या भेटीला आला याचे त्या माउलीला किती समाधान वाटले असेल! त्यानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबरच्या पहाटे, डॉर्टमुंड-एम्स कालव्यावरील मोहिमेत टेरीचे विमान नॉर्डहॉर्नजवळ तोफांच्या माऱ्याने कोसळले. त्या रात्री निघालेल्या आठ विमानांपैकी पाच नष्ट झाली. फेब्रुवारी १९४५ मध्ये धाकटा मुलगा लॉर्न हाही अशाच एका विमानात, आपल्या पहिल्याच मोहिमेवर, मारला गेला. नवरा पाण्याने नेला आणि दोन मुलगे युद्धाने.

ब्रिटिश बाँबर दलाच्या सेवेत ५५,५७३ जणांनी प्राण गमावले. त्यांत कॅनडाचे सुमारे दहा हजार होते. टेरीची कबर जर्मनीतील राइख्सवाल्ड येथील युद्धस्मशानात आहे. ज्या देशावर तो बाँब घेऊन गेला, त्याच देशाच्या मातीने त्याला पोटात घेतले आहे.

नोव्हेंबर महिन्यात आपण आपापल्या धर्मग्रामांत मृतांची नावे वाचतो. त्या यादीनंतर क्षणभर थांबून, ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही त्यांचीही आठवण करावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे. त्या क्षणी टेरी टेरम, घंटेचा दोर धरून उभे असलेले फादर बेर्केनकोप्फ आणि नेहाइमच्या त्या निनावी स्त्रिया आपल्या प्रार्थनेत एकत्र असोत.