मुष्टियुद्ध-निकालाचे भाकीत
व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या नियोजित लढतीत कोण व कोणत्या प्रकारे जिंकेल, याचा पूर्वअंदाज. तो बांधताना मुष्टियोद्ध्यांचे वय, हातांचा पल्ला, उभे राहण्याची ढब आणि पूर्वीच्या प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा विचारात घेतात. तसेच निकाल ‘नॉकआउट’ने, म्हणजे ठोशाने प्रतिस्पर्ध्याला गारद करून, लागेल की पंचांच्या गुणांवर, हेही वर्तवतात. पैजेचा भाव, म्हणजे लावलेल्या रकमेच्या किती पट लाभ होईल हे दर्शविणारे प्रमाण, हा या अंदाजाचा प्रचलित निर्देशक होय. तथापि एकास ४२ असा, म्हणजे विजयाची शक्यता अत्यल्प मानणारा, भाव मिळालेल्या जेम्स ‘बस्टर’ डग्लसने ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकिओत तोवर अपराजित असलेल्या माइक टायसनला दहाव्या फेरीत गारद केले, तेव्हा केवळ पूर्वकामगिरीवर विसंबणाऱ्या भाकिताची मर्यादा ठळकपणे सिद्ध झाली.