एक राष्ट्र, दोन संघटना : जर्मन हँडबॉलची फाळणी आणि पुनर्मीलन

६ मार्च १९७६. पूर्व जर्मनीतील कार्ल-मार्क्स-श्टाट. हँडबॉलच्या सामन्याचे अखेरचे क्षण. यजमान पूर्व जर्मनी ११-८ ने आघाडीवर आणि त्यातच त्यांना सात मीटरवरून पेनल्टी मिळते. ती सत्कारणी लागली तर पूर्व जर्मनी मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला जाणार. हुकली तर पश्चिम जर्मनी. चेंडू हान्स एंगेलच्या हाती, समोर पश्चिमेचा गोलरक्षक मान्फ्रेड होफमान. दोघेही जर्मन, दोघांची भाषा एक, खेळ एक. छातीवरची राष्ट्रचिन्हे मात्र वेगळी.

हा क्षण समजून घ्यायचा तर जरा मागे जावे लागते.

हाताने चेंडू फेकून गोल करण्याच्या या खेळाचे पहिले नियम छापले ते डेन्मार्कमधील शिक्षक होल्गर निल्सन यांनी, १९०६ मध्ये. पण जर्मन लोक या खेळाचा वाढदिवस मानतात तो २९ ऑक्टोबर १९१७. पहिले महायुद्ध चालू असताना त्या दिवशी बर्लिनमध्ये माक्स हाइझर यांनी ‘हँडबॉल’ या नावाने नियमावली जाहीर केली, तीही स्त्रियांसाठी. दोन वर्षांनी कार्ल शेलेन्त्स यांनी त्या सौम्य नियमांत बदल करून खेळ अधिक वेगवान आणि दणकट केला, आणि मग पुरुषही त्याकडे वळले. तेव्हाचा हँडबॉल फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर, अकरा-अकरा खेळाडूंमध्ये रंगत असे.

येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्या देशाने हा खेळ घडवला, त्या देशात हँडबॉलची स्वतःची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना तीस वर्षे नव्हती. अॅथलेटिक्सच्या संघटनेने आपल्या स्पर्धा भरवाव्यात, व्यायाममंडळांच्या महासंघाने आपल्या, कामगारांच्या क्रीडासंघाने आपल्या. विजेतेही ज्याचे त्याचे निराळे. १९३३ नंतर नाझी राजवटीने ही सारी घरे मोडली. कामगार संघटनांवर बंदी आली आणि हँडबॉल सरकारी क्रीडायंत्रणेतील एक खाते होऊन बसला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुमारे १ लाख प्रेक्षकांसमोर, भर पावसात, जर्मनीने ऑस्ट्रियाला १०-६ असे नमवून सुवर्णपदक जिंकले. सुवर्णपदक होते, संघटना नव्हती!

युद्धानंतर १९४६ मध्ये कोपनहेगन येथे आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघ स्थापन झाला. आठ संस्थापक देशांत जर्मनी नव्हती. असणे शक्यही नव्हते.

अखेर १ ऑक्टोबर १९४९ रोजी रूअर नदीकाठच्या म्यूलहाइम गावात ‘डॉइचर हांडबाल-बुंड’ म्हणजेच जर्मन हँडबॉल महासंघाची स्थापना झाली. विली डाउमे पहिले अध्यक्ष. हे गृहस्थ मूळचे हँडबॉलपटू, पण १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये ते जर्मनीच्या बास्केटबॉल संघात होते. पुढे ते नाझी पक्षाचे सदस्यही झाले. नव्या पश्चिम जर्मनीच्या क्रीडाव्यवस्थेचा पाया अशाच माणसांनी घातला, हे अवघड सत्य नजरेआड करून चालत नाही. म्युनिकला १९७२ चे ऑलिम्पिक मिळवून देण्यात याच डाउमेंचा मोठा वाटा होता.

आता तारखांकडे पाहावे. महासंघ १ ऑक्टोबरला जन्मला आणि अवघ्या सहा दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, पूर्व जर्मनी हे वेगळे राष्ट्र घोषित झाले. नावात ‘जर्मन’ असलेल्या संघटनेचे क्षेत्र आठवडाभराच्या आत अर्ध्या जर्मनीपुरते उरले. पूर्वेत सत्ताधारी पक्षाच्या देखरेखीखाली हँडबॉलची वेगळी यंत्रणा उभी राहिली.

तरीही काही काळ दोन्ही बाजूंनी एकत्र खेळून पाहिले. १९५८ च्या जागतिक स्पर्धेत संयुक्त जर्मन संघ तिसरा आला, १९६१ मध्ये चौथा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि संयुक्त संघाची कथा आटोपली. १९६३ मध्ये मैदानी हँडबॉलच्या जागतिक अंतिम सामन्यात दोन जर्मनी समोरासमोर उभ्या ठाकल्या. पूर्वेने १४-७ असा दणका दिला. १९६६ मध्ये त्यांची लढत १५-१५ अशी बरोबरीत सुटली आणि गोलफरकाच्या जोरावर पश्चिमेने विजेतेपद नेले. मैदानी प्रकाराची ती शेवटची जागतिक स्पर्धा. तोवर बंदिस्त सभागृहातला, सात-सात खेळाडूंचा हँडबॉल रुजला होता, आणि १९७२ मध्ये म्युनिकला तो ऑलिम्पिकमध्ये आला. पूर्व जर्मनी चौथी, पश्चिम जर्मनी सहावी.

१९७६ ची लढत या पार्श्वभूमीवर होती. दोनच वर्षांपूर्वी पूर्व जर्मनी जागतिक उपविजेती ठरली होती, तर पश्चिम नवव्या स्थानी घसरली होती. मग युगोस्लाव्हियातून आलेले प्रशिक्षक व्लाडो श्टेन्झेल यांनी तरुण संघ बांधला. म्युनिकच्या पहिल्या लढतीत पश्चिमेने १७-१४ ने विजय मिळवला. परतीच्या लढतीत ८-११. बेरीज २५-२५. पात्रता गटातील एकूण गोलफरक पश्चिमेच्या बाजूने होता. म्हणून पूर्वेला आणखी एक, फक्त एक गोल हवा होता.

एंगेलने चेंडू फेकला. तो होफमानच्या पायावर आदळून बाहेर गेला.

पश्चिम जर्मनी मॉन्ट्रियलला गेली, चौथी आली. १९७८ मध्ये त्याच संघाने सोव्हिएत संघाला २०-१९ असे हरवून जगज्जेतेपद पटकावले. पण १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार टाकला आणि जगज्जेते घरी बसले. तिथे सोव्हिएत संघाला जादा वेळेत २३-२२ ने नमवून सुवर्ण जिंकले ते पूर्व जर्मनीने. अखेरच्या क्षणी गोल वाचवला विलांड श्मिट या त्यांच्या गोलरक्षकाने. त्या संघात एंगेल नव्हता.

भिंत पडल्यावर १९९० मध्ये दोन्ही संघटना एकत्र आल्या. ‘एकत्र आल्या’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरायला हवा. पूर्वेची संघटना विसर्जित झाली आणि तिथल्या नव्या राज्यांचे संघ पश्चिमेच्या महासंघात दाखल झाले. नाव, घटना, पदाधिकारी बहुतांशी पश्चिमेचेच राहिले. ज्या पूर्वेच्या महिलांनी १९७१, १९७५ आणि १९७८ अशी तीन जागतिक विजेतेपदे मिळवली, त्यांचा वारसाही आता या एकाच महासंघाच्या खाती जमा झाला.

१९९३ मध्ये ऑस्लो येथे एकसंध जर्मनीच्या महिलांनी डेन्मार्कला जादा वेळेत २२-२१ ने हरवून जागतिक विजेतेपद जिंकले. प्रशिक्षक होते लोथार डोरिंग, मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या पूर्व जर्मन संघाचे खेळाडू. २००७ मध्ये पुरुषांनी कोलोनला पोलंडवर २९-२४ अशी मात करून तोच मान मिळवला. त्यांचे प्रशिक्षक हायनर ब्रांड हे १९७८ च्या पश्चिम जर्मन जगज्जेत्या संघातले. विजयानंतर ब्रांड यांच्या प्रसिद्ध झुपकेदार मिशांची नक्कल म्हणून खेळाडूंनी खोट्या मिशा लावून जल्लोष केला. १९७६ च्या त्या संध्याकाळी हेच ब्रांड कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये पश्चिमेच्या बाजूने खेळत होते. त्या शहराचे नाव आता पुन्हा पूर्वीसारखे केम्निट्झ आहे.