खाकी कागदावरची दिवाळी

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि पुढे वडिलांच्या नोकरीपायी आम्ही बोईसरला राहावयास आलो. शेजार नाना प्रांतांचा. दिवाळीत घरोघर फराळ पोचवायचा, तर पुडके जरा देखणे असावे, ही आईची हौस. खाकी कागदाला ती गेरूचा हात देई. मूठभर तांदूळ भिजवून पाट्यावर वाटायचे, त्यात थोडा डिंक कालवायचा. नाही तर कागद दुमडताच पांढरी रेघ गळून पडते. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की कुंचला तयार. वर सुतळीची गाठ.

एका वर्षी मी मोठ्या ऐटीत एका पुडक्यावर चौक काढला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या वारली मावशींनी तो पाहिला आणि केरसुणी खाली ठेवली. म्हणाल्या, "हा लग्नाचा चौक. यात देवी बसते. फराळ काढून पोरं कागद फाडणार ना?"

मी खजील झालो. आम्हांला जी नक्षी वाटत होती, ती त्यांच्या घरी देवीची जागा होती. वारल्यांकडे लग्नाच्या वेळी सुवासिनी कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात. मध्यभागी पालघट देवी. चौकावाचून लग्न लागत नाही.

हा चौक भिंतीवरून कागदावर आला, तो काळही तेव्हाचाच. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील मिथिलेच्या स्त्रियांना चित्रांसाठी कागद देणारे भास्कर कुलकर्णी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी डहाणू भागात आले. गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले ते याच काळात. लग्नाची वाट न पाहता ते रोज चित्रे काढीत. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांची थोरवी मोठीच. पण ज्या सुवासिनींनी पिढ्यान् पिढ्या भिंती लिहिल्या, त्यांची नावे पुढल्या पावसाळ्यात भिंतींबरोबरच पुसली गेली.

गंमत पाहा, मिथिलेत लग्नातला सिंदूर चित्रे काढलेल्या कागदात गुंडाळून पाठविण्याची चाल होती. तिथे वेष्टनच मंगल. इथे देवी वेष्टनावर बसत नाही. एकीकडची रीत दुसरीकडे लावून चालत नाही, हे मला फार उशिरा कळले.

मावशी मात्र नुसत्या रागावून गेल्या नाहीत. हात धुऊन खाली बसल्या आणि दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस उभा केला. मग तारपा वाजविणारा, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची रांग, एक ताडाचे झाड, दोन कोंबड्या. "हे काढा," म्हणाल्या. चौकाचा कागद आईने सुटा करून ट्रंकेत जपून ठेवला. त्या दिवाळीत पहिले पुडके मावशींच्या घरी गेले.

२०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आता दुकानांत यंत्राने छापलेले तारपानृत्याचे कागद मिळतात. आमच्या घरी मात्र अजून तांदूळ भिजतात. परवा नातीने विचारले, "आजोबा, मधे चौक काढू?" मी कुंचला बाजूला ठेवला, ट्रंक उघडली आणि तिला ही हकीकत सांगितली.