पायांकडून डोक्याकडे

गोव्यातल्या पेडण्यात, पार्स्याच्या आमच्या घराला मेंदीची वई होती. आषाढात तिचा पाला ओरबाडला जाई तो पायांसाठी. लावणीचे दिवस, दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत. आजी रगड्यावर मूठभर पाला हळदीबरोबर वाटी आणि रात्री त्यांत भरी. सकाळी सगळ्यांची पावलं केशरी! डोक्याला मेंदी लावलेली मात्र मी तिच्या हयातीत पाहिली नाही. विधवा बाईने पिकलेले केस रंगवणं तिच्या डोक्यातही आलं नसतं. माझे कुरळे केस विंचरताना ती करवादे, "केंस न्हय गो हे, सोडण!" – म्हणजे नारळाचं सोललेलं साल – आणि खोबरेल चोपडी.

आईच्या काळात मेंदी हातांवर आली, नागपंचमीला. काडीने काढलेला एक ठिपका आणि भोवती बारके ठिपके, एवढीच नक्षी. लग्नात मान हळदीचा आणि चुड्याचा. मेंदीचा वेगळा समारंभ हे अलीकडचं, सिनेमाने शिकवलेलं खूळ.

हळदीचं वजन गोव्यात राज्यकर्त्यांनीही ओळखलं होतं. 1736 सालच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने नवरा-नवरीला हळद लावण्यावरसुद्धा बंदी घातली. पेडणे तेव्हा सावंतवाडीकरांचं. पोर्तुगीजांकडे आलं ते 1788 साली, नव्या काबिजादीत. तोवर ती जबरदस्ती मवाळली होती. म्हणून शापोरा नदीच्या आमच्या काठावर हळद उघड्यावर वाटली गेली. पलीकडे बारदेशात ख्रिस्ती घरांतून हळद गेली, पण लग्नाआधी नारळाचा रस अंगाला चोळायचा 'रोस' त्यांनी सोडला नाही. अंगाला काहीतरी चोळल्याशिवाय लग्न लागतं यावर आम्हा गोंयकारांचा विश्वासच नाही.

डोक्यापर्यंत मेंदी नेली ती मी. चाळिशीत कानामागे पांढरं दिसलं आणि बाजारातून 'काळी मेंदी' आणली. दोन दिवसांत कपाळ सुजलं. मेंदी काळी नसतेच, हे तेव्हा कळलं. तिच्या पानातलं रंगद्रव्य केसातल्या प्रथिनाला धरतं आणि लालसर रंग देतं. त्या पुड्यांत काळेपणा बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो. झाडपाल्यातूनच काळा रंग हवा तर मेंदीवर नीळ चढवायची. त्या निळीबद्दल गार्सिया द ऑर्ताने गोव्यात 1563 साली छापलेल्या ग्रंथात लिहिलं आहे. बिचारा वैद्य! मेल्यावर, 1580 साली, याच इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली.

मी निळीच्या वाटेला जात नाही. आवळकाठीची पूड आदल्या रात्री लोखंडी कायलीत भिजवते. लोखंडाशी गाठ पडली की आवळा काळवंडतो आणि मेंदीचा भडकपणा उतरतो. मेंदीचा भुगा वेगळा, लिंबू पिळून. सकाळी दोन्ही एकत्र कालवते. कुरळ्या केसांना फणी चालत नाही. ओल्या केसांचे बारीक भाग करून बोटांनीच लेप दाबत जायचा, मुळापासून टोकापर्यंत. घाई केली तर आतली वळणं पांढरीच राहतात. वरून केळीचं पान, त्यावर जुना पंचा, तीन तास. मग नुसतं पाणी. घरभर वाळल्या गवताचा वास. वरचेवर लावली तर वळणं थोडी सैलावतात, म्हणून पुढे फक्त मुळांनाच लावते.

भुगा येतो राजस्थानातल्या सोजतहून. तिथल्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या वईच्या जागी आता चिऱ्यांचा गडगा आहे.

रंग मुरायला दोन दिवस लागतात. पहिल्या सकाळी आरशात पाहावं तर वळणं ताठ, कोरडी, तांबूस-तपकिरी. अगदी सोडण.