मानसोल्लासांतील मांसपाक आणि शिकारीचा तळ

कल्याणीचा चालुक्य राजा भूलोकमल्ल सोमेश्वर (तिसरा) याच्या मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि या ग्रंथाचें नांव संशोधकांत निघतें तें बहुधा त्यांतील मराठी पद्यासाठीं. शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथांत मराठी आढळावी ही गोष्ट मोठी खरी, परंतु तेवढें टिपून पोथी मिटण्याची वहिवाट पडल्यामुळें तिसऱ्या विंशतींतील अन्नभोगाचें प्रकरण मागें राहिलें. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेल्या दुसऱ्या भागांत (बडोदें, १९३९) तें छापलेलें आहे. पण मांसाचें नांव येतांच आमचे पंडित पान उलटतात.

हें प्रकरण राजाच्या मुदपाकखान्याचें वर्णन म्हणून वाचण्यांत येतें. माझें म्हणणें असें कीं, त्यांतील कांहीं कृति मुळांत मुदपाकखान्याच्या नव्हत. त्या शिकारीच्या तळावरील उघड्या जाळाच्या आहेत.

वराहाचेंच पाहा. केस काढण्याच्या दोन रीति दिल्या आहेत. एक, अंगावर पांढरें वस्त्र घालून कढत पाणी ओतावें; दुसरी, गवताच्या जाळावर केस होरपळावे. पहिलीस मोठें भांडें व पुष्कळ पाणी लागतें, दुसरीस रानांत मिळेल तेवढेंच पुरतें. मग मांस निखाऱ्यावर भाजावयाचें. या भाजलेल्या तुकड्यांस सुंठक म्हटलें आहे. त्यांचेच ताडपत्रासारखे पातळ काप केले म्हणजे चक्कलिका. (नांव वाचून चकलीची आठवण होते, पण पदार्थाचा मेळ बसत नाहीं.) हे काप मसाल्याच्या दह्यांत घातले कीं राजाच्या ताटाची तयारी झाली. तळ कोठें संपतो व मुदपाकखाना कोठें सुरू होतो, तें या एकाच कृतींत दिसतें.

भडित्रकाचाही प्रकार असाच आहे: तुकड्यांस छिद्रें पाडून मसाला भरावा, शूलावर ओवावे व निखाऱ्यावर भाजावे. यकृताचे सुपारीएवढे तुकडे आधीं निखाऱ्यावर भाजून मग तेलांत तळावयाचे आहेत. शूलावर भाजण्याची रीत फार जुनी. शूल्य व उख्य, म्हणजे शूलावरचें व हंडींतलें, या शब्दांची सिद्धि पाणिनीनेंही सांगितली आहे.

यावर आक्षेप येईल कीं, असले ग्रंथ जुन्या शास्त्रांवरून रचलेले, त्यांत अनुभव कोठला? त्यास उत्तर उंदरांचें आहे. शेतांत व नदीकांठीं वाढणारे काळे, धष्टपुष्ट उंदीर, ज्यांस ग्रंथकार मैग म्हणतो, लोखंडी सळईवर घेऊन कातडी जळेपर्यंत निखाऱ्यावर भाजावे आणि वर मीठ, जिरें व सुंठ घालावी, असें तो लिहितो. केवळ शोभेसाठीं कोणी शास्त्रकार राजाच्या ताटांत शेतांतले उंदीर वाढणार नाहीं. हें कोणाच्या तरी हातचें पाहून लिहिलेलें आहे.

मासे मात्र माझ्या मताला सर्वस्वी अनुकूल नाहींत. मत्स्यविनोदांत राजा स्वतः गळ टाकतो. पण अन्नभोगांत मासे तेल-मीठ चोळून, हळदीच्या पाण्यानें धुऊन, चिंचेच्या रसांत शिजवून तळले जातात. हा सारा व्याप भांड्यांचा आहे. फक्त मिठांत मुरवून ठेवलेले तुकडे खातेवेळीं विस्तवावर भाजावयास सांगितले आहेत, आणि असा माल प्रवासांत उपयोगी पडतो हें उघड आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी घातली, तें योग्यच झालें. पण त्यामुळें या कृति हातानें केलेलीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांस विचारावयाचें तर उशीर करून चालणार नाहीं. पोथ्यांचेंही तसेंच आहे. सुंठक, चक्कलिका, भडित्रक, मैग हे शब्द लेखकांच्या हातीं सहज बिघडण्याजोगे आहेत. ज्यांच्या संग्रहीं मानसोल्लासाची अथवा पाकशास्त्राची पोथी असेल, त्यांनीं हे चार शब्द तींत कसे लिहिले आहेत तें अक्षरशः उतरून पाठवावें. शुद्ध करून पाठवूं नये.