तीन चाके आणि काचतंतूंची मोटार

लेण्याद्रीला शाळेची सहल नेलीत, तर पायऱ्या चढण्यापूर्वी मुलांना पायथ्याशी उभी असलेली एखादी रिक्षा दाखवा. पुढे एक चाक, मागे दोन. मग विचारा : एवढ्याच चाकांवर बंद दारांची, हलकी आणि स्वस्त मोटार का होऊ नये?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये फार पूर्वीच विचारला गेला. तिथे ४०६ किलोग्रॅमपेक्षा हलक्या तीनचाकीला कर कमी होता आणि ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने १९५३ पासून ‘रीगल’ ही तीनचाकी मोटार विकायला सुरुवात केली. आरंभी लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा असे. १९५६ मध्ये त्याची जागा काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या आवरणाने घेतली. १९७३ मध्ये तिची उत्तराधिकारी ‘रॉबिन’ आली.

काचतंतूमुळे वजन किती कमी होते? पोलादाची घनता ७.८, तर काचतंतूची सुमारे १.५. म्हणजे वजन पाचपट कमी, असे वाटते. पण काचतंतू पोलादाइतका ताठ नाही, म्हणून तो जाड घ्यावा लागतो. पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ६.२ किलोग्रॅम भरते. ३ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूचे भरते ४.५ किलोग्रॅम. बचत पाव भागाच्या थोडी वर, एवढीच!

खरा फायदा दुसरीकडे आहे. पत्र्याला आकार द्यायला प्रचंड दाबयंत्रे आणि महागडे पोलादी साचे लागतात. हजारो गाड्या खपल्या तरच तो खर्च निघतो. काचतंतूला साधा साचा पुरतो. त्यावर काचधाग्यांची चटई अंथरायची, रेझिन लावायचे आणि घट्ट होऊ द्यायचे. मात्र प्रत्येक गाडीला हे काम नव्याने, हाताने करावे लागते. त्यामुळे गाड्यांची संख्या वाढली तरी प्रत्येक गाडीची किंमत फारशी उतरत नाही. काचतंतू हा अशा रीतीने लहान कारखानदाराचा मित्र आहे, मोठ्या कारखानदाराचा नव्हे.

भारतात हा मार्ग बंगळूरच्या सनराइज कंपनीने धरला. १९७० च्या दशकात तिने ‘बादल’ ही काचतंतूची तीनचाकी मोटार काढली. इंजिन सुमारे २०० घनसेंटिमीटरचे होते. पुढे तिचीच चारचाकी आवृत्ती निघाली आणि १९८२ मध्ये रिलायंटच्याच ‘किटन’वर आधारलेली ‘डॉल्फिन’ आली. तीही काचतंतूची, पण चार चाकांची. पाठोपाठ डिसेंबर १९८३ मध्ये पत्र्याची ‘मारुती ८००’ आली. तिच्यामागे मोठा कारखाना आणि मोठी मागणी होती. हातकामाचा लहान कारखाना तिथे टिकणे अवघड होते.

महाराष्ट्रातही एक लहान प्रयत्न झाला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना बनवला. पुढे १९७० च्या दशकापर्यंत सुधारित नमुने होत राहिले. कल्पकता होती, पण मोठे उत्पादन झाले नाही.

तीन चाकांचा प्रश्न मात्र वेगळा. खडबडीत जागेवरही तिपाई डुगडुगत नाही, कारण तिन्ही पाय नेहमी टेकतात. पण चालत्या गाडीचे तसे नाही. पुढे एकच चाक असेल, तर आधाराचा त्रिकोण पुढे निमुळता होतो. वळणावर ब्रेक लावला की भार पुढे व बाहेर सरकतो आणि त्रिकोणाबाहेर जाऊ पाहतो. मग गाडी कलंडते. पुढे दोन चाके ठेवली, तर हा धोका कमी होतो.

वर्गात पुठ्ठ्याच्या खोक्याला तीन चाके लावून पाहा. वाळूची पुरचुंडी पुढे-मागे सरकवा, खोके कडेकडेने कलते करा, मग चाकांची मांडणी उलटी करा. कोणती मांडणी आधी उलटते, हे मुलांनीच शोधावे. आणि शेवटी विचारा : मोटार यशस्वी ठरवतो तो पदार्थ, आकार, की ती किती जणांसाठी बनते ती संख्या?