पौड : मुळशीचे कचेरीचे गाव
पुणेकरांना ‘पौड रस्ता’ आणि कोथरूडचा ‘पौड फाटा’ तोंडपाठ असतो. खुद्द पौड गावी थांबणारे मात्र थोडेच. ताम्हिणी घाटाकडे धावणाऱ्या मोटारी येथे फार तर चहापुरत्या विसावतात. मुळशी तालुक्याचे हे मुख्यालय. जमिनीचा वाद उद्भवला की खेड्यापाड्यांतील माणसाला पौडच्या तहसील कचेरीची पायरी चढावीच लागते. हा प्रश्न या मुलुखाला नवा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. १९२४ मध्ये लढा संपला. पुढे भातखाचरांसह गावेच्या गावे बुडाली. ते पाणी कोकणात भिऱ्यास उतरवून वीज तयार होते. पावसाळ्यात जलाशय पाहावयास जाणाऱ्यांनी घाटात धुके दाटण्यापूर्वी परतावे.